रानात कुणाला फर्स्ट एड दिलं आणि काही बिघडलं तर? ट्रेकला निघायच्या आधी वाचा

आमच्याबरोबर येणारे बरेच जण निघायच्या आदल्या दिवशी हळूच विचारतात, की वाटेत कुणी पडलं, मी हात लावला आणि त्याचं अजून बिघडलं तर माझ्यावर केस होईल का. प्रश्न रास्त आहे. पण याच भीतीपायी माणसं नुसती बघत उभी राहतात आणि ते आमच्या मनाला फार लागतं, म्हणून हे पत्रक. तुमच्या एखाद्या केसवर वकिलाचा सल्ला म्हणून हे वापरू नका, कायदा देशागणिक बदलतो, मूळ गोष्टी मात्र बऱ्यापैकी सारख्या आहेत.

आधी हे, की मदत करायलाच लागते का? अनोळखी वाटसरूला जर्मनीत लागते, शक्य असून केली नाही तर १ वर्षापर्यंत कैद होऊ शकते, फ्रान्समध्ये तर ५ वर्षं आणि ७५,००० युरोपर्यंत दंड. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत असं बंधन नाही. आमच्या लीडरचं वेगळं आहे, तुम्ही पैसे भरलेत आणि आम्ही तुम्हाला घेऊन निघालोय म्हणजे त्याच्यावर जबाबदारी आधीपासूनच आहे, 'काही झालं तर आयोजक जबाबदार नाहीत' अशा आमच्या फॉर्मवर तुम्ही सही केली म्हणून ती पुसली जात नाही आणि घोर निष्काळजीपणा झाला तर बहुतेक ठिकाणी ती सही आमच्या कामाला येत नाही. हे आम्हीच सांगितलेलं बरं.

आता स्वतःहून मदत करणाऱ्याला संरक्षण. कॅलिफोर्नियात १९५९ साली डॉक्टरांसाठी असा कायदा झाला, मग इतर राज्यांनीही केले, आणि बहुतेकांत अटी त्याच: मोबदला घ्यायचा नाही, हेतू चांगला हवा आणि घोर निष्काळजीपणा नको. पण कायद्याचे शब्द नीट बघावे लागतात. कॅलिफोर्नियातच २००८ मध्ये कोर्ट म्हणालं की हे संरक्षण फक्त वैद्यकीय मदतीला आहे, अपघातग्रस्त गाडीतून माणसाला बाहेर ओढून काढण्याला नाही, मग २००९ मध्ये कायदा सुधारावा लागला. भारतात मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आलं, पण ते वाहन अपघातापुरतं, कड्यावरून पडलेल्याला लागू नाही. तिथे भारतीय न्याय संहितेचं कलम ३० बघायचं, जुन्या दंड संहितेचं कलम ९२. त्यातलं उदाहरणच जंगलातलं आहे: वाघ माणसाला ओढून नेतोय, कुणीतरी त्याला वाचवायला वाघावर गोळी झाडतो, ती त्या माणसालाच लागून तो जातो, तरी झाडणाऱ्याने गुन्हा केलेला नाही, कारण हेतू त्याच्या भल्याचा होता आणि संमती घ्यायला वेळच नव्हता.

संमती हाच खरा मुद्दा. माणूस शुद्धीवर असेल तर आधी नाव सांगा, काय शिकलायत ते सांगा, 'हात लावू का?' विचारा. नको म्हणाला तर थांबायचं, पण जवळ बसायचं, आणि साक्षीदारासमोर लिहून ठेवायचं. बेशुद्ध असेल तर संमती गृहीत. लहान मूल असेल तर पालकाला विचारायचं, पालक जवळ नसतील आणि जीव धोक्यात असेल तर थांबायचं नाही. आणि थंडीने किंवा डोक्याला मार लागून बरळत असलेल्या माणसाचं 'मला काही झालं नाही, सोडा' हे खरं नको नाही, हे नक्की लक्षात ठेवा.

जेवढं शिकलाय तेवढंच करा. व्हिडिओ बघून निखळलेला खांदा बसवायला जाऊ नका, आपल्याला दिलेली गोळी दुसऱ्याला देऊ नका. ग्रुपमध्ये कुणी डॉक्टर किंवा नर्स असेल तर त्यांच्याकडून अपेक्षाही त्यांच्या शिक्षणाएवढीच धरली जाते.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो सोडून जाण्यात. रस्त्यावर ॲम्ब्युलन्स आली की आपलं काम संपतं, रानात ती येतच नाही, चार-सहा तास तुम्हीच असता. एकदा हातात घेतलं की दुसऱ्या जाणकाराकडे सोपवेपर्यंत किंवा तुमच्याच जिवावर बेतेपर्यंत सोडायचं नाही. पण मदत आणायला जाणं म्हणजे टाकून जाणं नव्हे. चौघं असाल तर एक जखमीजवळ थांबेल आणि दोघं एकत्र खाली जातील. एकटेच असाल आणि फोन लागत नसेल तर रक्त थांबवा, कुशीवर वळवा, अंगाखाली आणि अंगावर काहीतरी घाला, जागेची खूण करा, किती वाजता निघालात ते चिठ्ठीवर लिहून त्याच्याजवळ ठेवा आणि मगच निघा. सीपीआरचंही (हृदय बंद पडल्यावर छाती दाबत राहणं) तसंच, अमेरिकेतल्या रानातल्या फर्स्ट एडच्या कोर्समध्ये ३० मिनिटांत काहीच प्रतिसाद नसेल तर थांबायला परवानगी असते, पण गारठलेल्या किंवा थंड पाण्यात बुडालेल्या माणसाला तो नियम लावत नाहीत.

जखमीचे फोटो ग्रुपवर टाकू नका, त्याच्या घरच्यांना ते आधी तिथून कळायला नको. आणि आमचा मेडिकल फॉर्म खरा भरा, दमा, ॲलर्जी, चालू गोळ्या सगळं, कारण तुम्ही बेशुद्ध पडलात तर तुमच्या वतीने तो कागदच बोलणार आहे.

प्रत्येक किटमध्ये एक कोरा तक्ता ठेवलाय. काय झालं, किती वाजता, नाडी, श्वास, काय दिलं, कोण हजर होतं. दर १५ मिनिटांनी भरायचा, खाडाखोड झाली तर एक रेघ मारून पुढे लिहायचं. सोबत पेन्सिल आहे, पेन नाही, कारण पावसात शाई पसरते.