जुन्या भिंतीला खडबडीत छपाई: शिरलेलं पाणी बाहेर कसं पडणार?

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपता संपता घराच्या पश्चिमेकडच्या भिंतीला हात लावून पाहा, चटका बसतो. मग मृगाची पहिली सर येते आणि तीच भिंत बघता बघता गार पडते. मे 2013 मध्ये नागपुरात पारा 47.9 अंशांवर गेला होता. उन्हातल्या भिंतीचा पृष्ठभाग तर हवेपेक्षाही जास्त तापतो. त्यानंतरच्या चार महिन्यांत हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बराचसा वाऱ्यासोबत तिरपा. अशा हवेत महाल, इतवारी अशा जुन्या वस्त्यांतल्या एखाद्या घराला बाहेरून खडबडीत छपाई, म्हणजे गिलावा, करायची म्हटली, की दुकानात बादलीवरचा ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द आधी दाखवला जातो. पण जुन्या भिंतीत पाणी कुठून ना कुठून शिरतंच. ते परत बाहेर कसं पडेल, यावर छपाई निवडायला हवी.

वीट मुळातच पाणी पिणारी. भारतीय मानकानुसार सामान्य वीट 24 तास बुडवल्यावर स्वतःच्या वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंत पाणी शोषू शकते. म्हणजे 3 किलोच्या विटेत जवळपास 600 ग्रॅम पाणी मावतं. हे पाणी ओढतात ती तिच्यातली बारीक छिद्रं. छिद्र जितकं अरुंद, तितकी ओढ जास्त: 0.01 मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत पाणी, निदान हिशेबानुसार, दीड मीटर चढतं. केसाएवढ्या तड्यातही हाच खेळ चालतो. म्हणून रुंद भेगेपेक्षा नजरेला न दिसणारी चीर कधीकधी जास्त नुकसान करते.

चुन्याची किंवा मातीची जुडाई (विटा जोडणारा मसाला) असलेल्या जुन्या भिंतीवर कडक सिमेंटचा थर दिला, की गडबड इथूनच सुरू होते. तापल्यावर सिमेंटचा गिलावा विटेच्या जवळपास दुप्पट पसरतो. 3 मीटर उंचीची भिंत 30 अंशांनी तापली, तर सिमेंटचा थर सुमारे 1 मिलिमीटर वाढू पाहतो आणि वीटकाम अर्धा मिलिमीटर. चुन्याचा गिलावा मऊ असतो, तो हा फरक थोडा थोडा पोटात घेतो. सिमेंट ताठ, ते तडकतं किंवा विटेपासून सुटतं. तड्यातून पाणी द्रवरूपात झरझर आत जातं. परतताना मात्र त्याला वाफ होऊन त्या दाट थरातून हळूहळू वाट काढावी लागते. चार महिने आवक जास्त, जावक कमी. मग ओल घराच्या आतल्या बाजूला निघते, आणि पाण्यात विरघळलेले क्षार जिथे पाणी सुकतं तिथे स्फटिक होऊन बसतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. स्फटिक छिद्रात वाढताना दाब देतात आणि विटेची भुकटी होते.

याचा सगळ्यात महागडा धडा स्कॉटलंडमध्ये आहे. तिथे पावसाळी हवेत भिंतींवर चुन्यात कालवलेले खडे फेकून मारायची जुनी पद्धत. तिला हार्लिंग म्हणतात. वास्तुकार चार्ल्स रेनी मॅकिंटॉश यांनी हेलन्सबर्ग गावात 1904 साली पूर्ण केलेल्या ‘हिल हाउस’ला दिसायला तसाच, पण पोर्टलंड सिमेंटचा खडबडीत गिलावा दिला. तेव्हा ते नवं, भरवशाचं साहित्य वाटत होतं. गिलावा तडकला, पाणी शिरलं, अडकलं, आणि शतकभरात भिंती आतून भिजून गेल्या. अखेर 2019 मध्ये अख्ख्या घरावर तीन कोटींहून अधिक पोलादी कड्यांच्या जाळीची प्रचंड पेटी उभारावी लागली, घर सुकावं म्हणून. पोत तोच, चुन्याच्या जागी सिमेंट आलं, मुख्यतः त्यानेच हा फरक पडला.

तेव्हा आधी भिंत ओळखा. कोपऱ्यात, नजरेआड, जुना गिलावा टिचभर काढून सांध्यातला मसाला स्क्रूड्रायव्हरने खरवडा. पांढरट आणि नखानेही सुटणारा असेल तर चुना. तपकिरी, पाण्यात विरघळणारा असेल तर माती. करडा आणि टोकाला दाद न देणारा असेल तर सिमेंट. मग हातोडीच्या दांड्याने सगळी भिंत वाजवा आणि पोकळ आवाज येईल तिथे खडूने घेरा काढा. जमिनीपासून अर्धा ते एक मीटर उंचीवर ओलीची आडवी रेघ दिसली, तर दोष पावसाचा नसून खालून चढणाऱ्या पाण्याचा. नागपुरात सिमेंटचे रस्ते होत गेले तशी अनेक घरांची जोती रस्त्याच्या खाली गेली. तिथे आधी पाण्याला उतार करून द्यायचा, छपाई नंतर. छज्जाच्या खालच्या कडेला पाणी गळून पडण्यासाठी बोटभर रुंद खाच नसेल, गच्चीच्या कठड्याचा माथा सपाट असेल, पावसाच्या पाइपचा जोड गळत असेल, तर जगातली कुठलीही छपाई तिथे टिकणार नाही. ही कामं छपाईच्या खर्चाच्या मानाने किरकोळ असतात. म्हणूनच की काय, ती राहून जातात.

आता पोत. खडबडीतपणाचा फायदा खरा आहे: भिंतीवरून वाहणारा पाण्याचा सलग पडदा मोडतो, बारीक तडे एका रेषेत न जाता दाण्यांभोवती विखुरतात, सुकायला पृष्ठभाग जास्त मिळतो. तोटाही तितकाच खरा. प्रत्येक उंचवट्यावर धूळ बसते, पावसात त्या धुळीवर शेवाळ धरतं आणि दिवाळीपर्यंत ते वाळून काळे ओघळ उरतात. म्हणून नागपूरच्या धुळीत 2 ते 3 मिलिमीटरच्या दाण्याचा, स्पंजने ओढलेला सँड-फेस पोत बहुतेक घरांना पुरेसा. 6 ते 10 मिलिमीटरच्या गिट्टीची फेकीव छपाई रस्त्याकडच्या भिंतीला शोभते खरी, पण ती दुरुस्त करताना ठिगळ हमखास दिसतं. आडव्या खाचांचा पोत तर घेऊच नका. प्रत्येक खाच म्हणजे धुळीची फळी.

बादलीत मिळणारं अ‍ॅक्रिलिक टेक्स्चर नव्या काँक्रीटच्या भिंतीवर ठीक काम देतं. चुन्या-मातीच्या भिंतीवर ते बहुतेकदा प्लास्टिकची पिशवी ठरतं: पहिल्या पावसाळ्यात छान, दुसऱ्यात फुगे, तिसऱ्यात पोपडे. घ्यायचंच असेल तर माहितीपत्रकात वाफ-पारगम्यतेचा ‘एसडी’ आकडा मागा. हा थर वाफेला किती मीटर जाडीच्या स्थिर हवेएवढा अडवतो, ते तो सांगतो. युरोपीय वर्गवारीत 0.14 मीटरपेक्षा कमी म्हणजे वाफेला मोकळा, 1.4 मीटरपेक्षा जास्त म्हणजे जवळपास बंद. सिलिकेट आणि सिलिकॉन रेझिनचे रंग साधारणपणे मोकळ्या बाजूला असतात. सिलिकेट मात्र जुन्या अ‍ॅक्रिलिक रंगावर धरत नाही; त्याला खनिज पृष्ठभागच लागतो.

मसाल्याचा नियम एकच: बाहेरचा थर आतल्यापेक्षा कडक नको. चुन्याच्या भिंतीला 1 भाग मुरवलेला चुना, 1 भाग सुरखी (विटेची पूड), 2 भाग रेती. कळीचा चुना विरवून दोन-तीन आठवडे तरी पाण्याखाली मुरू द्यावा. विरवताना तो उकळतो, डोळ्यांना चष्मा हवाच. सुरखी कमी भाजलेल्या विटेची घ्या. खणखणीत भाजलेल्या विटेची पूड चुन्याशी फारशी रासायनिक क्रिया करत नाही, ती नुसती लाल रेती होते. साठ-सत्तरच्या दशकातलं, सिमेंटच्या जुडाईचं घर असेल तर सिमेंट, चुना, रेती 1 : 1 : 6. मिस्त्री सवयीने 1 : 4 सिमेंट-रेती सुचवेल, गावठी विटेवर ते गरजेपेक्षा कडक होतं. 20 मिलिमीटर जाडीच्या 10 चौरस मीटरला (सुमारे 108 चौरस फूट) साधारण 1 पोतं सिमेंट, 22 किलो विरलेली चुना पावडर आणि साडेसात घनफूट रेती लागते. रेती कन्हान नदीची असो की कुठलीही, बाटलीत मिठाच्या पाण्यात हलवून तीन तास ठेवा. वर बसलेला गाळ रेतीच्या थराच्या 8 टक्क्यांवर गेला तर धुऊनच वापरा, नाहीतर पृष्ठभागावर जाळीसारखे तडे येतात.

काम दिवाळीनंतर काढावं आणि फेब्रुवारीत संपवावं. एप्रिल-मेमध्ये मसाला घट्ट होण्याआधीच सुकतो आणि बोटाने खरवडला तरी रेती झडते. पोकळ गिलावा पूर्ण काढा, सांधे 12 मिलिमीटर खोल कोरा. लोणा कोरड्या ब्रशने झाडा. धुतला तर क्षार पुन्हा आत जातात. काँक्रीट आणि विटेच्या जोडावर दोन्हीकडे 15 सेंटीमीटर जाईल अशी गॅल्वनाइज्ड कोंबडी जाळी ठोका. आदल्या संध्याकाळी भिंत भिजवा. सकाळी ती ओलसर हवी, निथळती नको. पहिला थर 12 मिलिमीटर, ओला असतानाच खरवडून ठेवायचा. तो चार-पाच दिवसांनी ताणून घेऊन, म्हणजे त्याचे आकसण्याचे तडे येऊन गेल्यावर, 8 मिलिमीटरचा दुसरा. त्यावर स्पंज कधी फिरवायचा, हेच खरं कसब: अंगठा दाबल्यावर ठसा उमटावा पण मसाला चिकटू नये. लवकर फिरवला तर सिमेंट-चुन्याचा पातळ साय-थर वर येतो आणि तोच पुढे पावडर होऊन झडतो.

सिमेंट-चुन्याला आठ-दहा दिवस पाणी मारा. निव्वळ चुन्याच्या छपाईला मात्र धो-धो पाणी नको. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुना पुन्हा चुनखडीसारखा कडक होतो, आणि त्यासाठी ओलावाही हवा, हवाही हवी. ओला बारदाना टांगून दोन-तीन आठवडे उन्हापासून जपा. रंग महिनाभरानंतर. जमिनीलगतच्या 15 सेंटीमीटर पट्ट्यात पोत उतरवू नका. तिथे फक्त चुन्याचा साधा गिलावा ठेवा, तो लोणा खाऊन दर काही वर्षांनी बदलायचाच असतो.

पहिला पावसाळा झाला, की चार दिवस उघाड मिळाल्यावर भिंतीभोवती एक चक्कर मारा. सगळ्यात शेवटी सुकणारे डाग पेन्सिलने घेरून ठेवा आणि त्यांच्या वर सरळ रेषेत पाहा: तिथे बहुधा कठड्याची भेग असते, पाइपचा जोड असतो, किंवा छज्जाची खाच मसाल्याने भरून गेलेली असते.