शेअर्ड फोल्डर मोठ्या स्टोरेजवर हलवायचाय? अर्ज कोणी करायचा, काय काय जोडायचं

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत फाईल सर्व्हरची, म्हणजे सगळ्यांचे शेअर्ड फोल्डर ठेवलेल्या मशीनची, जागा संपत आल्याची लाल पट्टी दिसायला लागली की आधी डिझाइनवाले येतात, मग अकाउंट्स, आणि मग दोघं मिळून माझ्या टेबलापाशी उभे राहतात. दरवेळी टपरीवर चहा पिता पिता तेच सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. लोकांचं काम चालू ठेवून डेटा हलवायचा असेल तर चेंज रिक्वेस्टचा, म्हणजे सिस्टिममध्ये बदल करायच्या परवानगीचा फॉर्म लागतो, आणि तो परत येतो तो नव्वद टक्के वेळा एकाच कारणाने, डाउनटाइमच्या, म्हणजे काम किती वेळ बंद राहील त्या रकान्यात कोणीतरी ऐटीत 'शून्य' लिहिलेलं असतं. शून्य नसतो हो. कॉपी दोन दिवस चालू दे, कोणाला पत्ताही लागत नाही, पण शेवटी पंधरा-वीस मिनिटं फाईली बंद कराव्याच लागतात, तेवढी मागा.

अर्ज एचओडीने, म्हणजे डिपार्टमेंटच्या प्रमुखाने करायचा, ज्यांचा डेटा त्यांचाच. आयटीवाल्याच्या नावाने आलेला अर्ज चालत नाही, कारण पगाराचा फोल्डर कोणाला दिसावा हे आम्ही ठरवायचं नसतं.

आता पात्रता. अर्ध्या लोकांना हलवायची गरजच नसते. सर्व्हर व्हर्च्युअल, म्हणजे दुसऱ्या मशीनच्या आत सॉफ्टवेअरने चालणारा असेल तर आहे तीच डिस्क चालू सर्व्हरवर वाढते, हायपर-व्हीमध्ये (असे सर्व्हर चालवणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) व्हीएचडीएक्स, म्हणजे व्हर्च्युअल डिस्कची फाईल, स्कझी कंट्रोलरला (डिस्क जोडायचा एक प्रकार) लावलेली असेल तर विंडोज सर्व्हर २०१२ आर२ पासून हे जमतं, व्हीएमवेअरमध्येही जमतं, फक्त मशीनवर स्नॅपशॉट, म्हणजे आधीच्या क्षणाची साठवलेली अवस्था, लटकलेला नको. मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन एक्स्टेंड, झालं काम. लिनक्सवर सांबा (फोल्डर शेअर करणारं सॉफ्टवेअर) असेल आणि खाली एलव्हीएम (डिस्कची जागा वाटून देणारा थर) असेल तर त्याहून सोपं, त्याची पीव्हीमूव्ह कमांड लावली की लोक काम करत असतानाच खालची डिस्क बदलते. हलवायचा अर्ज कधी, तर डिस्क एमबीआर (विभागणीची जुनी पद्धत) असेल आणि २ टीबीला अडकली असेल, किंवा एनटीएफएस, म्हणजे विंडोजची फाईल सिस्टिम, ४ केबी क्लस्टरवर (जागेच्या तुकड्यांचा आकार) फॉरमॅट केलेलं असेल आणि १६ टीबीची भिंत आली असेल, किंवा खालचा स्टोरेजचा डबाच म्हातारा झाला असेल.

कागदपत्रं. पहिलं, डेटाची खरी साइज. ज्या व्हॉल्युमवर (डिस्कच्या भागावर) डीडुप, म्हणजे सारखा डेटा एकदाच साठवायची सोय, चालू आहे तिथे वापरलेली जागा बघून आकडा टाकू नका, कॉपी करताना सगळं परत फुगतं आणि नवीन डिस्क पहिल्याच आठवड्यात भरते. दुसरं, परमिशनची यादी, शेअरची वेगळी आणि फोल्डरची वेगळी, त्यात सर्व्हरवरचे लोकल युजर किंवा ग्रुप असतील तर ते आधी डोमेन ग्रुपमध्ये बदलून घ्या, नाहीतर दुसऱ्या सर्व्हरवर गेल्यावर नावाच्या जागी नुसता लांबलचक आकडा दिसतो आणि बिचाऱ्याला ॲक्सेस नसतो. तिसरं, बॅकअपचा पुरावा, आणि इथे 'बॅकअप सक्सेसफुल'चा मेल चालत नाही, एक फोल्डर खरंच रिस्टोअर करून त्याचा स्क्रीनशॉट जोडायचा. चौथं, वापसीचा प्लॅन, 'जुन्या डिस्कवर परत जाऊ' एवढंच लिहिलं की फॉर्म परत, कारण दुपारपर्यंत लोकांनी नवीन जागी सेव्ह केलेल्या फाईली मागे कशा आणणार ते कोण लिहिणार?

मंजुरी आली की आमचं काम सुरू. विंडोजवर रोबोकॉपी, म्हणजे विंडोजचीच कॉपी करायची कमांड, सोबत कॉपीऑलचा स्विच, म्हणजे मालकी आणि परमिशनसकट सगळं येतं. गिगाबिट नेटवर्कवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतात, ४ टीबीला सरळ हिशोबाने दहा तास, पण छोट्या छोट्या लाखो फाईली असल्या की तो हिशोब विसरा. पहिली कॉपी कामाच्या दिवसातच लावतो, पुढच्या फेऱ्यांत फक्त बदललेलं येतं, म्हणून शेवटची फेरी लहान होते.

माझी एक चूक सांगतो. रोबोकॉपीला अडलेली फाईल किती वेळा परत ट्राय करायची हे सांगितलं नाही तर तो १० लाख वेळा करतो, मध्ये दरवेळी ३० सेकंद थांबून. मी सांगायला विसरलो. रात्री लावून घरी गेलो, सकाळी लॉग उघडला तर गडी डिस्पॅचच्या एका एक्सेलवर रात्रभर बसलेला, ती फाईल उघडी ठेवून, स्क्रीन लॉक करून साहेब सिन्नरला घरी गेले होते. तेव्हापासून आर (किती वेळा ट्राय) आणि डब्ल्यू (मध्ये किती सेकंद थांबायचं) दोन्हीला १ लावतो. आणि मिररचा स्विच, म्हणजे डेस्टिनेशन हुबेहूब सोर्ससारखं करणारा, लावताना सोर्स कुठला, डेस्टिनेशन कुठलं हे मोठ्याने वाचायचं, उलटं झालं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर मिरर होते, म्हणजे भरलेली पुसली जाते.

स्विचओव्हर, म्हणजे लोकांना नवीन जागेवर वळवणं, शनिवारी, आमची सुट्टी असते म्हणून. डीएफएस नेमस्पेस (खरा सर्व्हर मागे लपवून एकच पाथ दाखवणारी विंडोजची सोय) असेल तर लोकांचा पाथ तोच राहतो, मागचं टार्गेट फक्त बदलायचं, पण क्लायंटला, म्हणजे लोकांच्या कॉम्प्युटरला, जुना पत्ता बाय डीफॉल्ट १८०० सेकंद, म्हणजे अर्धा तास आठवत असतो, तेवढ्या वेळात कोणी जुन्या जागी लिहिलं तर ती फाईल हरवल्यासारखीच, म्हणून शेवटच्या फेरीआधी जुना शेअर रीड-ओन्ली. नेमस्पेस नसेल आणि सर्व्हर तोच ठेवायचा असेल तर शेअर बंद, शेवटची फेरी, ड्राइव्ह लेटरची अदलाबदल, शेअर चालवणारी विंडोजची 'सर्व्हर' सर्व्हिस रीस्टार्ट, शेअरला पाथ तोच सापडतो आणि लोकांना काही कळत नाही. सर्व्हरच बदलायचा असेल तर विंडोज सर्व्हर २०१९ पासून स्टोरेज मायग्रेशन सर्व्हिस आहे, ती जुन्या सर्व्हरचं नाव आणि आयपीसुद्धा नवीनला देते. टॅली शेअरवर ठेवणाऱ्यांनी त्या वेळात टॅली बंद ठेवायची, 'फक्त एक एंट्री' चालणार नाही.

शनिवारचा स्लॉट हवा तर फॉर्म बुधवारी चारपर्यंत द्या, आणि १५ मार्च ते १० एप्रिल मागूच नका, क्लोजिंगमध्ये अकाउंट्सवाले आम्हाला सर्व्हर रूमच्या दारापाशीही उभं करत नाहीत. सोमवारी एचओडीने दोन वेगवेगळ्या लोकांच्या लॉगिनने फाईल उघडून, सेव्ह करून बघायची आणि सही द्यायची. बॅकअपवाल्यालाही आधी सांगा, नवीन व्हॉल्युम म्हणजे पहिला बॅकअप परत पूर्ण घेतला जाणार, त्याला जागा लागते.

जुनी डिस्क ३० दिवस तशीच राहते, लवकर मोकळी करून मागू नका. प्रीव्हियस व्हर्जन्स, म्हणजे विंडोजने ठेवलेल्या फाईलींच्या आधीच्या आवृत्त्या, कॉपीत येत नाहीत, त्या जुन्या डिस्कवरच राहतात. मागच्या वेळी सव्विसाव्या दिवशी क्वालिटीवाल्यांना ऑडिटसाठी एका ड्रॉइंगची आधीची आवृत्ती लागली, ती तिथेच सापडली.