छोट्या इंजिनाच्या मोटारसायकलवरील दूरचा प्रवास

एरवी कामावर जाण्यायेण्यासाठी घेतलेल्या १०० ते १२५ सीसीच्या मोटारसायकलवर अनेक दिवसांचा, शेकडो-हजारो किलोमीटरचा प्रवास करण्याची प्रथा. भारतात १५० सीसीची गाडीही बरेच जण यात धरतात.

छोट्या इंजिनाच्या गाड्यांत सर्वांत यशस्वी होंडाची सुपर कब. ती १९५८ मध्ये जपानात आली आणि २०१७ मध्ये तिचे एकूण उत्पादन दहा कोटींवर गेले. भारतात १९८५ साल महत्त्वाचे. हीरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी १०० आणि यामाहाची टू-स्ट्रोक आरएक्स १०० त्याच साली रस्त्यावर आल्या. आरएक्सच्या पळण्याचे कौतुक आजही ओसरलेले नाही, पण लांब पल्ल्याला उपयोगी पडला तो सीडीचाच वंश; १९९४ ची स्प्लेंडर त्यातलीच.

या शंभर सीसीच्या गाड्यांची ताकद जेमतेम आठ अश्वशक्तीची. सामान बांधून ताशी ५०-६० किलोमीटरने चालले की दिवसाकाठी २५०-३०० किलोमीटर होतात. त्याहून जास्त पिळण्यात अर्थ नसतो. ट्रकला ओलांडण्यापुरता जोर लगेच मिळत नाही आणि खरा धोका तिथेच असतो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग दुचाकींना बंदच आहेत. छोट्या गाडीवाल्याचे त्यात काहीच बिघडत नाही. त्याला शोभतो तो कोकणातला किनाऱ्याचा रस्ता : आगरदांडा–दिघी, वेसवी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड अशा फेरीबोटींनी खाड्या ओलांडत जाणारा.

खरी परीक्षा लडाखमध्ये. खारदुंग ला खिंडीची उंची पाटीवर वर्षानुवर्षे १८,३८० फूट लिहिलेली होती. प्रत्यक्षात ती सुमारे १७,५८० फूट आहे. तरीही तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो आणि आठातली चारच अश्वशक्ती उरते. चढाच्या वळणावर डबलसीट बसलेल्याला उतरून चालावे लागते, यात लाज वाटण्यासारखे काही नाही. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या गाडीत विरळ हवेमुळे पेट्रोलचे प्रमाण वाढते, प्लगवर काजळी धरते. एप्रिल २०२० पासून प्रदूषणाच्या बीएस-६ नियमांमुळे आलेले फ्युएल इंजेक्शन (पेट्रोल मोजून फवारणारी यंत्रणा) पेट्रोल बेताने सोडते. हवा मात्र तेही कुठून आणणार?

पेट्रोलच्या बाबतीत पारडे फिरते. मनाली–लेह रस्त्यावर तांडीच्या पंपाजवळची ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ ही पाटी प्रसिद्ध आहे. दहा लिटरची टाकी आणि घाटात घसरलेले ४५ चे ॲव्हरेज धरले, तरी शंभर सीसीची गाडी पेट्रोलचा जादा कॅन न बांधता तेवढे अंतर काढते.

दुरुस्तीची सोय हा दुसरा मोठा फायदा. प्लग, ट्यूब, ब्रेकशू तालुक्याच्या गावी सहज मिळतात आणि इंजिन उघडायला कोणताही फिटर कचरत नाही. मुरलेले फिरस्ते सुटी क्लचकेबल पिशवीत ठेवत नाहीत. जुनीच्या शेजारूनच ओवून, टोके टेपने बांधून ठेवतात. केबल तुटली की दोन्ही टोके अडकवायची आणि निघायचे. चेनला दर ५०० किलोमीटरला तेल द्यावे लागते, ताणही पाहावा लागतो. इंजिनात ऑइल जेमतेम लिटरभर असते, त्यामुळे थोडे जळाले तरी पातळी झपाट्याने उतरते; ते रोज सकाळी तपासावे. पुणे–लेह जाऊन-येऊन साडेचार-पाच हजार किलोमीटर भरतात, म्हणजे एकदा वाटेतच ऑइल बदलणे आले. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे ही पेट्रोल वाचवण्याची वाईट खोड आहे : इंजिनाचा अटकाव सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ड्रम ब्रेक तापून लागेनासे होतात. जड सामान मागच्या चाकाच्या पलीकडे लोंबू दिले, तर पुढचे चाक हलके होते आणि हँडल डुलते.

सुट्टी कमी असलेले बरेच जण गाडी रेल्वेच्या पार्सलने चंदीगड किंवा जम्मूपर्यंत पाठवतात. त्यासाठी टाकी पूर्ण रिकामी करून गाडी गोणपाटात बांधून द्यावी लागते, सोबत आरसी बुकाची प्रतही. घरापासून चालवत जाणारे कट्टर फिरस्ते या प्रवासाला पूर्ण गुण देत नाहीत.