स्ट्रेट-अप छायाचित्रण

स्ट्रेट-अप : रस्त्यात भेटलेल्या तरुण व्यक्तीला तिथल्या तिथे, तिच्या स्वतःच्या कपड्यांत, डोक्यापासून पायांपर्यंत टिपण्याची छायाचित्रण पद्धत. छायाचित्राजवळ तिने अंगावर काय घातले आहे, ते कुठून मिळवले, ती काय करते, काय ऐकते हे तिच्याच सांगण्यावरून छापतात. चित्र आणि हा मजकूर यांची जोडी हा या पद्धतीचा गाभा आहे. रस्त्यावर काढलेले प्रत्येक फॅशन छायाचित्र स्ट्रेट-अप ठरत नाही.

ही पद्धत रुजवली लंडनच्या ‘आय-डी’ या नियतकालिकाने. ‘ब्रिटिश व्होग’ या फॅशन मासिकाचे माजी कलादिग्दर्शक टेरी जोन्स आणि त्यांच्या पत्नी ट्रिशा यांनी ते १९८० साली सुरू केले. पहिला अंक म्हणजे स्टेपलच्या पिनांनी जोडलेली चाळीस पाने आणि टंकलेखन यंत्राच्या वळणाचा मजकूर. छायाचित्रकार स्टीव्ह जॉन्स्टन यांनी लंडनच्या किंग्ज रोडवर फिरणाऱ्या, पंक आणि न्यू वेव्ह या बंडखोर संगीत-वेशाच्या पंथांतल्या मुलामुलींना कोऱ्या भिंतीपुढे उभे करून त्यांची छायाचित्रे काढली होती. दिव्यांची मांडणी नाही, रंगभूषाकार नाही, शिकवलेली अदा नाही. कोणी थेट कॅमेऱ्यात बघतो, कोणाला हातांचे काय करावे ते कळत नाही. पायांतले बूटही चौकटीत येतात, आणि हे क्षुल्लक नाही : पंकच्या वेशात बुटांना मोठा अर्थ होता, आणि कंबरेपर्यंतच्या छायाचित्रात तो हरवला असता.

या पद्धतीचे नाते जर्मन छायाचित्रकार आउगुस्ट सांडर यांच्या कामाशी जोडले जाते. त्यांनी शेतकरी, पाववाला, विद्यार्थी, बेकार अशा सर्वांना सारख्याच सन्मानाने कॅमेऱ्यापुढे उभे केले होते. १९२९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संग्रहाचे छपाईचे ठसे नाझी राजवटीने १९३६ मध्ये नष्ट केले. ‘आय-डी’ने त्यात भर घातली ती समोरच्या माणसाच्या बोलण्याची.

विविधता इथे मुद्दाम ठरवून आणावी लागली नाही. शहरात जे तरुण होते तेच पानावर आले. त्याच दशकात ‘द फेस’ या लंडनच्याच मासिकात वेशरचनाकार रे पेट्री आणि छायाचित्रकार जेमी मॉर्गन यांच्या ‘बफेलो’ गटाने मिश्र वंशाच्या आणि कृष्णवर्णीय तरुणांना मुखपृष्ठापर्यंत नेले. निक व बॅरी केमन हे भाऊ त्यांतले. त्यांच्या घराण्यात ब्रह्मदेशी (म्यानमारचे) रक्त होते. घाना देशात जन्मलेले एडवर्ड एनिनफुल अठराव्या वर्षी ‘आय-डी’चे फॅशन संचालक झाले आणि २०१७ मध्ये ‘ब्रिटिश व्होग’चे पहिले कृष्णवर्णीय संपादक. तरीही कोणाला थांबवायचे आणि कोणाला जाऊ द्यायचे हे छायाचित्रकारच ठरवतो, हे विसरता कामा नये. वेगळा दिसणारा तरुण टिपला जातो. साध्या कपड्यांतला, जाड, अपंग किंवा बुजरा तरुण बहुधा मागेच राहतो.

पद्धतीचा सर्वांत समृद्ध विस्तार टोकियोच्या हाराजुकू भागात झाला. जपानी छायाचित्रकार शोइची आओकी १९८५ पासून ‘स्ट्रीट’ नियतकालिकासाठी लंडन-पॅरिसच्या रस्त्यांवर छायाचित्रे काढत होते. किमोनोचे भाग पाश्चात्त्य कपड्यांत मिसळून घालणाऱ्या मुली त्यांना हाराजुकूत दिसू लागल्या आणि १९९७ मध्ये त्यांनी ‘फ्रूट्स’ मासिक काढले. प्रत्येक चित्राबरोबर वय, व्यवसाय, कपडे कुठले, सध्या कशाचे वेड आहे, असा तपशील असे. जुन्या बाजारातून घेतलेला स्कर्ट, घरी शिवलेली बाही, केसांत खच्चून लावलेल्या क्लिपा हे सारे त्यात नोंदले जाई. १९९८ मध्ये तिथला रविवारचा वाहनबंद रस्ता पुन्हा वाहतुकीला खुला झाला आणि तरुणांची जमण्याची जागा गेली. टिपण्याजोगी मुले उरली नाहीत, असे सांगून आओकींनी २०१७ मध्ये २३३ अंकांनंतर मासिक थांबवले.

मोठ्या फॅशन उद्योगाने या पद्धतीतून उचलला तो फक्त खरखरीत साधेपणा. जुलै १९९० च्या ‘द फेस’मध्ये छायाचित्रकार कोरिन डे यांनी समुद्रकिनाऱ्यावर टिपलेली सोळा वर्षांची मॉडेल केट मॉस जवळपास बिनरंगभूषेची, हसरी, चेहऱ्यावरच्या वांगांसकट दिसते. त्या वेळी ते मोकळ्या हवेसारखे वाटले. पण मॉस यांनी पुढे जाहीरपणे सांगितले की त्या काळी नकार दिला तर पुढचे काम मिळणार नाही असा धाक असे आणि त्या स्वच्छतागृहात कोंडून घेऊन रडत. स्ट्रेट-अपसारखी इथे छायाचित्रातल्या मुलीला बोलायला जागा नव्हती. होता तो केवळ खरेपणाचा देखावा. तोच देखावा पुढे ‘हेरॉइन शिक’ शैलीपर्यंत, म्हणजे मॉडेलना अमली पदार्थांच्या व्यसनींसारखे कृश आणि निस्तेज दाखवण्यापर्यंत पोचला. तरुण छायाचित्रकार डाव्हीदे सोरेन्ती यांच्या फेब्रुवारी १९९७ मधील मृत्यूनंतर अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनीही या शैलीवर उघड टीका केली.

अलीकडे कायदे झाले आहेत. फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून, जाहिरातीतल्या मॉडेलचे शरीर संगणकावर बारीक किंवा जाड केले असल्यास तसे छापावे लागते. न छापल्यास ३७,५०० युरो दंड आहे. मात्र केसांचा रंग बदलला किंवा डाग पुसले, तर हा नियम लागू होत नाही. नॉर्वेत जुलै २०२२ पासून लागू झालेल्या नियमात त्वचेतील फेरफारही येतात आणि मोबदला घेऊन समाजमाध्यमांवर जाहिरात करणाऱ्यांनाही ते पाळावे लागतात. कॅमेऱ्यापुढे कोणाला उभे केले आणि त्याला बोलू दिले का, हे मात्र या दोन्ही नियमांच्या कक्षेबाहेर आहे.