टॉर्क आणि हॉर्सपॉवर: घाट नेमकं कोण चढवतं?

"टॉर्क म्हणजे पिकअप आणि हॉर्सपॉवर म्हणजे टॉप स्पीड." गॅरेजमध्ये, पेट्रोल पंपावर, घाटातल्या चहाच्या टपरीवर गाडीचा विषय निघाला की हे वाक्य कोणीतरी टाकतोच, आणि बाकीचे माना डोलावतात. पाठोपाठ दुसरं येतं: "बुलेटला टॉर्क आहे, म्हणून ती घाटात ओढते." आणि मी रेल्वेतून निवृत्त झालोय हे कळलं की तिसरं: "डिझेलला टॉर्क जास्त, म्हणूनच ना मालगाडीला डिझेल इंजिन लावायचे?" तिन्ही वाक्यं चुकीची आहेत आणि तिन्हींच्या मुळाशी एकच गोंधळ आहे. इतकी वर्षं तो ऐकतोय की आता एकदा सविस्तर लिहूनच टाकतो.

व्याख्या शाळेत झाल्या आहेत, त्या पटकन उरकू. टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. गंजलेला नट सोडवताना लांब पान्यावर तुम्ही सगळं अंग टाकता; नट तसूभर हलला नाही तरी टॉर्क लागलेला असतोच. पण काम काहीच झालेलं नसतं, म्हणून पॉवर शून्य. नट फिरू लागला की पॉवर सुरू झाली. जोर गुणिले फिरण्याचा वेग, एवढीच पॉवर. मेट्रिक मापात ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचललं की एक हॉर्सपॉवर. हॉर्सपॉवर मेट्रिक मापात (पीएस) की ब्रिटिश मापात (बीएचपी), या वादात वेळ घालवू नका. दोन्हींत दीड टक्क्याचाही फरक नाही. जुन्या माहितीपत्रकांत टॉर्क किलोग्रॅम-मीटरमध्ये असतो, त्याला ९.८ ने गुणलं की न्यूटन-मीटर मिळतात. झालं.

इथपर्यंत कोणी चुकत नाही. चुकतात ते पुढच्या एका पायरीवर. माहितीपत्रकात छापलेला टॉर्क इंजिनाचा असतो, आणि गाडी ओढली जाते ती चाकावरच्या टॉर्कने. या दोघांच्या मध्ये गिअर बसलेले असतात. गिअर टॉर्क हवा तेवढा वाढवून देतो, फक्त त्याची किंमत वेगात वसूल करतो: चाक तिप्पट सावकाश फिरवा, टॉर्क तिप्पट घ्या. हॉर्सपॉवर मात्र जगातला कुठलाही गिअर वाढवू शकत नाही. उलट तेलात, दात्यांत, चेनमध्ये थोडी खातोच. म्हणजे इंजिनाचा टॉर्क ही गिअरने बदलता येणारी गोष्ट आणि हॉर्सपॉवर ही न बदलता येणारी. लोक नेमकं उलटं समजतात: टॉर्क ही इंजिनाची जन्मजात ताकद आणि हॉर्सपॉवर हा जाहिरातीचा आकडा.

यासाठी रेल्वेत तयार उदाहरण आहे. डब्ल्यूएजी-९ आणि डब्ल्यूएपी-७, म्हणजे आमच्या भाषेत वॅग-नाइन आणि वॅप-सेव्हन. पहिलं मालगाडीचं, दुसरं प्रवासी गाडीचं. वॅप-७ हे मुळात वॅग-९ वरूनच केलेलं इंजिन. दोघांचं वजन १२३ टन. हॉर्सपॉवर एकाची ६,१२० आणि दुसऱ्याची ६,३५०, म्हणजे जवळपास तेवढीच. खरा बदल गिअरमध्ये. वॅग-९ मध्ये मोटरीकडे २१ दाते आणि चाकाकडे १०७; मोटर साधारण ५.१ वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरतं. वॅप-७ मध्ये २० आणि ७२, म्हणजे ३.६ वेळा.

आता परिणाम पाहा. गाडी सुरू करतानाची ओढ, आम्ही जिला ट्रॅक्टिव्ह एफर्ट म्हणतो, वॅग-९ ची सुमारे ४६० किलोन्यूटन, म्हणजे ४७ टनांच्या आसपास. वॅप-७ ची ३२२, म्हणजे ३३ टन. ४६० ला ३२२ ने भागा आणि ५.१ ला ३.६ ने भागा. दोन्हीकडे उत्तर १.४ च्या जवळ येतं. चौदा टनांचा हा फरक निव्वळ दात्यांचा आहे. आणि त्याची किंमत? वॅग-९ चा कमाल वेग १००, वॅप-७ चा १४०.

पण शंभरच्या वेगाला दोघांची ओढ काय? तिथे हॉर्सपॉवरचा हिशेब लागतो, आणि दोन्हींचं उत्तर १७ टनांच्या आसपास येतं. सुरू करताना एवढा मोठा फरक, शंभरला जवळजवळ काहीच नाही. म्हणजे रांगत असतानाची ओढ गिअरने ठरवली, वेगात असतानाची हॉर्सपॉवरने. आणि सारख्याच हॉर्सपॉवरच्या दोन इंजिनांचे टॉप स्पीड १०० आणि १४० आले, तेव्हा "हॉर्सपॉवर म्हणजे टॉप स्पीड" हेही इथेच निकालात निघालं.

आणखी एक बारकावा. उभ्या मालगाडीला वॅग-९ पहिला हिसका देतं त्या क्षणी ओढ ४७ टन असते आणि हॉर्सपॉवर शून्य, कारण चाक अजून फिरलेलंच नाही. तो गंजलेला नट इथे आहे. त्याहून जास्त जोर लावूनही उपयोग नसतो. पोलादी चाक पोलादी रुळावर किती चिकटून राहील याला मर्यादा आहे. १२३ टनांच्या इंजिनाने ४७ टन ओढ काढणं म्हणजे वजनाच्या ३८ टक्के, आणि पावसाळ्यात ओल्या रुळावर तेवढंसुद्धा मिळवायला चाकापुढे वाळू सोडावी लागते. नाहीतर चाकं जागच्या जागी गरगरतात. पुढे याच इंजिनाची १३२ टनांची जड आवृत्ती केली ती याच कारणासाठी.

आता मोटरसायकलकडे येऊ, कारण बुलेटवाल्यांचा राग ओढवून घ्यायचाच आहे तर नीट घेऊ. रॉयल एनफील्ड क्लासिक ३५०, लोकांच्या तोंडी तीही बुलेटच, तिचा टॉर्क २७ न्यूटन-मीटर, ४,००० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेत असताना. यामाहा आर-१५ च्या चौथ्या आवृत्तीचा १४.२ न्यूटन-मीटर, ७,५०० आरपीएमला. बुलेटचा टॉर्क जवळपास दुप्पट. "बघा!" असं म्हणून इथेच लोक थांबतात. थांबू नका. न्यूटन-मीटरला आरपीएमने गुणा आणि ७,१२० ने भागा, हॉर्सपॉवर मिळते. क्लासिकची त्या ठिकाणी १५. आर-१५ ची त्या ठिकाणी? पंधराच.

साठच्या वेगाला दोघींना आपापल्या त्या आरपीएमवर आणणारा गिअर मिळाला असं धरा. मागच्या चाकाची ढकल दोघींचीही सुमारे ६८ किलो येईल, चेन आणि गिअरमधला तोटा सोडून. मग बुलेटचा तो दुप्पट टॉर्क गेला कुठे? आर-१५ चं इंजिन जवळपास दुप्पट फिरतं, म्हणून त्याच्या आणि चाकाच्या मध्ये गिअर फेऱ्यांची जवळपास दुप्पट कपात करतात, आणि त्या कपातीने त्याचा टॉर्कही तेवढाच वाढवून चाकाला दिला. वर क्लासिकचं वजन १९५ किलो आणि आर-१५ पन्नासएक किलोने हलकी. त्यामुळे योग्य गिअरमध्ये ठेवलेली आर-१५ घाटात क्लासिकला मागे टाकते. नव्वदच्या दशकात ज्यांनी आरएक्स-१०० चालवली त्यांना हे सांगायची गरज नाही: ९८ सीसी, टॉर्क जेमतेम १० न्यूटन-मीटर, ११ हॉर्सपॉवर, आणि वजन शंभर किलोच्या आसपास. सिग्नल सुटला की ती कोणाच्या पुढे असायची ते आठवा. पिकअप टॉर्कने ठरला असता तर असं झालं नसतं.

मग बुलेट घाटात "ओढते" असं जे वाटतं ते खोटं का? अजिबात नाही. मी स्वतः वरंध किंवा कुंभार्ली घाटाला जाताना कमी आरपीएमवर जोर देणारं, जड फ्लायव्हीलचं (फिरण्याची लय टिकवणाऱ्या जड चाकाचं) सिंगल सिलिंडर इंजिनच पसंत करतो, आणि ही पसंती बदलणार नाही. पण कारण नीट समजून घ्या. नागमोडी वळणावर गाडी हळू होते, इंजिन दोन-अडीच हजारांवर येतं. बुलेट त्या आरपीएमलाही भरपूर टॉर्क देते, म्हणजेच तिथेही तिच्याकडे वापरण्यासारखी हॉर्सपॉवर असते. गिअर न उतरवता थ्रॉटल उघडला की ती निघते. आर-१५ ला त्याच वळणावर एक-दोन गिअर उतरवावे लागतात. उतरवलेत तर ती जास्त जोरात निघेल. नाही उतरवलेत तर धापा टाकेल. बुलेटमध्ये जास्त ताकद नाही, ताकद सोयीच्या जागी आहे. म्हणून माहितीपत्रकात २७ हा आकडा वाचून खूश होऊ नका, त्याच्या शेजारचा ४,००० हा आकडा वाचा. सगळी गंमत त्या दुसऱ्या आकड्यात आहे, आणि नेमका तोच कोणी वाचत नाही.

आता घाटच घेऊ, आणि घाट म्हटल्यावर माझ्यासाठी तो बोरघाट. कर्जतहून लोणावळ्याकडे चढण ३७ ला १ आहे: ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. १,००० टनांची गाडी धरा. नुसतं तिचं वजन मागे खेचतं ते १,००० भागिले ३७, म्हणजे २७ टन. गाडी पाच किलोमीटर वेगाने चालो नाहीतर पन्नासने, हे २७ टन बदलत नाहीत. त्यात इंजिनाचं स्वतःचं वजन आणि चाकांचा विरोध मिळवा, आकडा ३४-३५ वर जातो. वॅप-७ ची कमाल ओढ ३३ टन. म्हणजे एकट्या इंजिनाला घाटात उभी राहिलेली गाडी हलवता येणार नाही, मग त्यात सहा हजार हॉर्सपॉवर असो नाहीतर साठ हजार. म्हणून कर्जतला मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिनं, लागतात. गाडी सुटून मागे घरंगळू नये ही सुरक्षेची बाजू आहेच, पण ओढीचा हिशेब हा असा.

आता बँकर लागले, गाडी हलली. किती वेगाने चढेल? ३० किलोमीटरला तीच गाडी सेकंदाला सुमारे साडेबावीस सेंटीमीटर वर उचलली जाते. दहा लाख किलो गुणिले ०.२२५, भागिले ७५: ३,००० हॉर्सपॉवर, फक्त चढण्यासाठी. ६० ने चढवायची तर ६,०००. ओढ दोन्ही वेळा तीच २७ टन. चढेल की नाही, हा प्रश्न चाकावरच्या जोराचा. किती वेळात चढेल, हा हॉर्सपॉवरचा. हे दोन प्रश्न वेगळे ठेवले की अर्धा गोंधळ तिथेच संपतो.

राहिलं डिझेल. डब्ल्यूडीएम-२, सोळा सिलिंडरचं अल्को इंजिन, २,६०० हॉर्सपॉवर, आठव्या नॉचला, म्हणजे थ्रॉटलच्या शेवटच्या खाचेला, १,००० आरपीएम. हिशेब केला तर त्याच्या क्रँकशाफ्टवरचा टॉर्क साडेअठरा हजार न्यूटन-मीटर निघतो. केवढा मोठा आकडा! आणि शेडमध्ये हा आकडा कोणालाही लागत नाही, कारण ते डिझेल चाकाला जोडलेलंच नसतं. ते वीज तयार करतं, वीज ॲक्सलवरच्या ट्रॅक्शन मोटरींना जाते, आणि ओढतात त्या मोटरी. उभ्या अवस्थेत सगळ्यात जास्त टॉर्क देणं हा विजेच्या मोटरीचा गुण, डिझेलचा नव्हे. विजेची इंजिनं नाजूक आणि डिझेल दमदार ही समजूत महाराष्ट्रात तरी टिकायला नको होती; डेक्कन क्वीन १९३० मध्ये सुरू झाली तीच विजेच्या इंजिनावर, आणि बोरघाट चढूनच ती पुण्याला पोचते. लोको कामगार इंजिनाबद्दल दोनच आकडे बोलतात, हॉर्सपॉवर आणि ट्रॅक्टिव्ह एफर्ट. मोटरसायकलवाल्यांनी ही सवय उचलावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

हल्ली विजेच्या स्कूटरच्या जाहिरातीत टॉर्कचे मोठमोठे आकडे दिसतात. आकडा मोटरीवरचा की चाकावरचा, हे आधी विचारा. चाकावरचा असेल तर त्याची तुलना पेट्रोल गाडीच्या इंजिनावरच्या टॉर्कशी करणं ही फसवणूक आहे, मी याला दुसरा शब्द वापरणार नाही. पहिल्या गिअरमध्ये साधी शंभर सीसीची गाडीही मागच्या चाकावर इंजिनाच्या कितीतरी पट टॉर्क देते. तो कोणी छापत नाही एवढंच.

आणि स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यावर फिरते ते दातेरी चक्र. पुढचं १५ दात्यांचं काढून १४ चं टाकलं की चाकावरची ढकल सात टक्क्यांनी वाढते आणि त्याच आरपीएमला वेग सात टक्क्यांनी घटतो. "पॉवर वाढवली" असं सांगून कोणी पैसे घेत असेल तर देऊ नका, पॉवर होती तेवढीच आहे. पण घाटात राहणाऱ्याने, रोज मागे माणूस बसवून चढ चढणाऱ्याने हा बदल जरूर करावा; वॅग-९ आणि वॅप-७ मध्ये जे केलं तेच हे आहे. रोज महामार्गाने जाणाऱ्याने आहे तेच ठेवावं, नाहीतर इंजिन उगाच जास्त फिरत राहील. बदलणार असाल तर चेन ताणून किती लांबली आहे तेही बघून घ्या. घासलेल्या चेनवर नवे दाते फार टिकत नाहीत.