फुफ्फुस-कर्करोगाची आवर्ती चाळणी
दीर्घकाळ भरपूर धूम्रपान केलेल्या, पण कसलेही लक्षण नसलेल्या व्यक्तीच्या छातीचा दरवर्षी कमी किरणमात्रेचा (लो-डोस) सीटी स्कॅन काढून तो मागच्या स्कॅनशी ताडून पाहण्याची पद्धत. थुंकीतून रक्त पडत असेल, वजन घटत असेल किंवा आवाज बसला असेल, तर चाळणीची वेळ टळलेली असते. तिथे थेट निदानाच्या तपासण्या लागतात.

पात्रता ‘पॅक-वर्षां’त मोजतात : रोजच्या सिगारेटी भागिले २०, गुणिले वर्षे. अमेरिकेतील २०२१ च्या शिफारशीनुसार वय ५० ते ८०, किमान २० पॅक-वर्षे, आणि सिगारेट सोडली असल्यास सोडून १५ वर्षे उलटलेली नसावीत. पुण्यात हा हिशेब हमखास चुकतो. व्याख्येतले पाकीट वीसचे, टपरीवरचे बहुधा दहाचे. त्यामुळे ‘तीस वर्षे, रोज एक पाकीट’ म्हणजे तीस नव्हे, पंधरा पॅक-वर्षे. विडीसाठी सर्वमान्य गुणक नाही. तिच्यात तंबाखू कमी असली तरी ती विझू नये म्हणून वारंवार ओढावी लागते, तेव्हा ती सिगारेटपेक्षा सौम्य धरू नये. मिश्री आणि गुटखा या हिशेबात येत नाहीत. त्यांच्यासाठी तोंडाची तपासणी वेगळी.

चिठ्ठीवर ‘लो-डोस सीटी, छाती, कॉन्ट्रास्टविना’ (म्हणजे शिरेतून रंगद्रव्य न देता) असे स्पष्ट लिहिलेले असावे. नुसते ‘एचआरसीटी’ (अधिक बारकाव्याचा सीटी) लिहिले तर केंद्रावर बहुधा नेहमीच्या मात्रेचा स्कॅन निघतो. लो-डोसची मात्रा साधारण १.५ मिलिसिव्हर्ट (किरणमात्रेचे एकक), नेहमीच्या छातीच्या सीटीची ७ च्या आसपास. उपाशी राहावे लागत नाही; एकदा श्वास रोखला की काही सेकंदांत काम होते. नुकताच न्यूमोनिया किंवा छातीचा जंतुसंसर्ग होऊन गेला असेल तर स्कॅन काही आठवडे पुढे ढकलावा, नाहीतर त्याचेच डाग गाठी म्हणून मोजले जातात.

पहिल्या स्कॅनमध्ये ६ मिमीपेक्षा लहान घन (भरीव) गाठ दिसली तर पुढचा स्कॅन वर्षाने, ६ ते ८ मिमीला सहा महिन्यांनी, ८ ते १५ मिमीला तीन महिन्यांनी. त्याहून मोठीला पेट-सीटी (पेशींची क्रियाशीलता दाखवणारा स्कॅन) किंवा बायोप्सी (बहुधा सुईने गाठीचा नमुना काढून तपासणे). नंतरच्या फेरीत नव्याने उगवलेल्या गाठीला मात्र कडक माप लागते : ४ मिमीचीही दखल घेतात. तपासणी आवर्ती ठेवण्याचे कारण हेच. एकाच चित्रावरून जुना व्रण आणि कोवळा कर्करोग वेगळे करता येत नाहीत. वाढ झाली की नाही, त्यावरून ते कळते. तेही सोपे नाही, कारण गाठीचे आकारमान दुप्पट झाले तरी व्यास फक्त २६ टक्क्यांनी वाढतो. ६ मिमीची गाठ ७.६ मिमी होते आणि एवढा फरक मोजमापाच्या चुकीतही लपतो. म्हणून शक्यतो तेच केंद्र, स्कॅनच्या कापांची (छेद-प्रतिमांची) तीच जाडी ठेवावी आणि फिल्मवर न भागवता मूळ प्रतिमांची सीडी मागून घ्यावी. अहवालाच्या कागदावरून तुलना होत नाही.

५३ हजारांहून अधिक लोकांवरील अमेरिकी चाचणीत (निष्कर्ष २०११) तीन वार्षिक सीटींनी, छातीच्या एक्स-रेच्या तुलनेत, या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. त्याच चाचणीत ‘संशयास्पद’ ठरलेल्या स्कॅनपैकी ९६ टक्क्यांत कर्करोग निघाला नाही. आपल्याकडे ही अडचण आणखी टोचते, कारण क्षयाचे जुने व्रण आणि कॅल्शियम साठलेल्या गाठी सर्रास सापडतात. क्षयाचे औषध कधी, किती महिने घेतले हे रेडिओलॉजिस्टला आधीच सांगितले तर निष्कारण सुई टोचणे टळू शकते. तिने फुफ्फुसाला छिद्र पडून हवा गळण्याचा धोका असतो.

भारतात या चाळणीचा राष्ट्रीय कार्यक्रम नाही. सरकारी चाळणी तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांपुरती आहे. पुण्यातही फुफ्फुसाची चाळणी ज्याची त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्यायची. ज्यांची प्रकृती शस्त्रक्रिया सोसणार नाही, त्यांनी ही चाळणी करू नये. धूम्रपान चालू ठेवून स्कॅन काढत राहणाऱ्याची जोखीम वाढतच जाते, म्हणून व्यसनमुक्तीचा सल्ला पहिल्याच भेटीत देतात.