विम्बल्डनचे राजघराण्यातले जुने फोटो : आधी पाठ बघा, मग चेहरे

आमच्याकडचे विम्बल्डनचे फोटो मुख्यतः लंडनच्या वृत्तछायाचित्र संस्थांनी काढलेले आहेत. राजा, राणी किंवा घराण्यातले कोणी सामना बघायला आले की दुसऱ्या दिवशीच्या अंकासाठी घाईने प्रिंट काढले जात, वर्तमानपत्रांकडे धाडले जात आणि काम झाले की फायलीत पडून राहत. पुढे वर्तमानपत्रांनी दफ्तरे रिकामी केली आणि हा माल बाजारात आला. त्यामुळे कोपरा दुमडलेला असणे, कडेला लाल पेन्सिलच्या रेघा असणे, कुणाच्या टोपीची कड पांढऱ्या रंगाने उठावदार केलेली असणे हे चालायचेच. आम्ही यातले काहीही पुसत नाही. त्या रेघा मारल्या होत्या छापखान्याला फोटो कुठे कापायचा ते कळावे म्हणून, आणि आमच्या मते किमतीत त्यांचाही वाटा आहे.

‘व्हिंटेज प्रिंट’ म्हणजे फोटो टिपला त्याच सुमारास निगेटिव्हवरून काढलेला प्रिंट. तीच निगेटिव्ह वापरून तीस-चाळीस वर्षांनी काढला तर तो ‘नंतरचा प्रिंट’, आणि आज स्कॅन करून छापला तर ती नक्कल. भिंतीवर तिन्ही सारखेच दिसतील, पण किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. तुमचा प्रिंट यांपैकी कोणता, हे आम्ही पावतीवर लिहून देतो.

हे ओळखायचे ते मागच्या बाजूवरून. तिथे संस्थेचा शिक्का, तारखेचा शिक्का आणि टंकलिखित मजकुराची चिकटवलेली चिठ्ठी असते. चिठ्ठी फाटली असेल तर किंमत उतरते. चिठ्ठी आणि शिक्का यांच्या तारखा जुळत नसतील तर आम्हीच माल घेत नाही. (शिक्क्यावरची तारीख कधी फोटो छापून आल्याची असते, टिपल्याची नव्हे, एक-दोन दिवसांचा फरक दोष धरू नये.)

खरी मजा चिठ्ठीवरच्या किताबांत आहे. ‘ड्यूक ऑफ यॉर्क’ म्हणून सहावे जॉर्ज दिसतात ते डिसेंबर 1936 पर्यंतच, त्यानंतर ते राजे. ‘क्वीन एलिझाबेथ’ वाचून ग्राहक हुरळतात, पण चिठ्ठी फेब्रुवारी 1952 च्या आधीची असेल तर ती सहाव्या जॉर्जची पत्नी, म्हणजे पुढची राजमाता. मुलगी तेव्हा ‘प्रिन्सेस एलिझाबेथ’ होती. ‘डचेस ऑफ केंट’ हा तर हमखास फसवणारा किताब. 1950 च्या दशकात विजेत्यांशी हस्तांदोलन करणारी डचेस म्हणजे प्रिन्सेस मरीना. 1993 मध्ये हरलेली याना नोव्होत्ना जिच्या खांद्यावर रडली ती डचेस म्हणजे मरीनाची सून कॅथरीन.

आणखी एक कसोटी. राणी दुसरी एलिझाबेथ यांना टेनिसची फारशी ओढ नव्हती. राणी म्हणून त्या विम्बल्डनला आल्या त्या चारच वेळा: 1957, 1962, 1977 आणि 2010. म्हणून कोणी ‘राणी सामना बघताना, 1968’ असा फोटो विकत असेल तर पाकीट खिशातच राहू द्या. 1957 मध्ये अल्थिया गिब्सनला आणि 1977 मध्ये, स्पर्धेच्या शताब्दीला, व्हर्जिनिया वेडला त्यांनी बक्षीस दिले. या दोन प्रसंगांना मागणी सर्वांत जास्त, आणि नकलाही त्यांच्याच जास्त.

आम्हाला विचाराल तर 1922 आणि 1926 चे फोटो बघा. 26 जून 1922 रोजी पाचव्या जॉर्जनी चर्च रोडवरच्या नव्या सेंटर कोर्टचे उद्घाटन घंटेवर तीन टोले देऊन केले. आणि 1926 मध्ये ड्यूक ऑफ यॉर्क बघायला नव्हे, तर खेळायला उतरले. पुरुष दुहेरीत लुई ग्रेग यांच्यासोबत खेळून पहिल्याच फेरीत ते 6-1, 6-3, 6-2 असे हरले. समोर होते 58 वर्षांचे आर्थर गोर आणि 52 वर्षांचे रोपर बॅरेट, म्हणजे दोन माजी विजेते. डाव्या हाताने रॅकेट धरलेला तो भावी राजा ज्या प्रिंटमध्ये नीट दिसतो, तो हाताशी आला तर सोडू नये. शाही कक्षात कंटाळून बसलेल्या पाहुण्यांचे फोटोही स्वस्तात मिळतात, आणि आम्हाला तेच जास्त आवडतात.

कागदाची परीक्षा घरीही करता येते. नोटा तपासायचा जांभळा दिवा अंधारात प्रिंटच्या मागच्या बाजूवर धरा. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात उजळपणा आणणारे रसायन आहे, आणि असा कागद साधारण 1950 नंतरचा. ‘1926’ लिहिलेला प्रिंट असा चमकला तर तो नंतर काढलेला. प्लॅस्टिकचा थर असलेला गुळगुळीत कागद 1960 च्या दशकाच्या अखेरीनंतरचा. काळ्या भागाच्या कडेला आरशासारखी चंदेरी झाक दिसली तर घाबरू नका. ती कागदातल्या चांदीची, जुनेपणाची खूण आहे.

जपणूक मात्र आपल्या हवेत कष्टाची. प्रिंटवरचा जिलेटिनचा थर बुरशीला आणि कसरीला प्रिय, त्यामुळे कोकणात-मुंबईत पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर फ्रेम लावू नका. काच फोटोला टेकता कामा नये, दमट हवेत ती चिकटते आणि सोडवताना चेहराच निघून येतो. मध्ये आम्लरहित पुठ्ठ्याचे माउंट हवेच. लॅमिनेशन, सेलोटेप, पीव्हीसीची पाकिटे आणि मागे पेनने लिहिणे वर्ज्य. बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका, तसाच आमच्याकडे आणा.

प्रिंट विकत घेतला म्हणजे त्याचा कॉपीराइट मिळत नाही. घरात लावा, भेट द्या, पुन्हा विका. पुस्तकात किंवा जाहिरातीत छापायचा असेल तर कॉपीराइटच्या आजच्या मालकाची परवानगी लागते, आणि ती आम्ही देऊ शकत नाही.

खरेदीआधी दोन्ही बाजूंचे फोटो मागा, आम्ही पाठवतो. प्रिंट कडक पुठ्ठ्यांमध्ये सपाट पाठवतो, गुंडाळी करून कधीच नाही. वर्णनाशी न जुळणारा माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत परत घेऊ. फ्रेम केलेला मात्र नाही.